सिबिल रिपोर्टमध्ये चूक सापडली? ३० दिवसांनंतर रोजचे १०० रुपये मिळतात, पण घड्याळ आधी तुम्हालाच सुरू करावं लागतं

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नागपूरच्या खापरी मेट्रो स्टेशनवर उभं राहिलं, की दोन गर्दी एकमेकींना ओलांडून जाताना दिसतात. एक मिहानमधून घरी निघालेली, दुसरी नाईट शिफ्टसाठी मिहानकडे चाललेली. या दुसऱ्या गर्दीत माझी एक मैत्रीण असते. ती एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये आहे. दिवसभरात, म्हणजे तिच्या रात्रभरात, ती पन्नासेक लोकांच्या तक्रारी वाचते, उत्तरं पाठवते आणि तिकिटं बंद करते.

मागच्या वर्षी तिला बेसा भागात एक फ्लॅट आवडला. आई आणि ती, दोघींच्या नावावर घ्यायचा ठरला. ५१ हजारांचं टोकन दिलं आणि करार करायला ४५ दिवसांची मुदत मिळाली. पगार चांगला, नोकरी चार वर्षं जुनी, त्यामुळे बँकेने आधी होकारार्थी मान हलवली. आठवडाभराने फोन आला. "मॅडम, तुमचं सिबिल जरा बघून घ्या. एक लोन ओव्हरड्यू दाखवतंय."

ते लोन होतं एका मोबाइलचं. २०२१ मध्ये सीताबर्डीतल्या दुकानातून तिने १८ हजारांचा फोन हप्त्यांवर घेतला होता. शेवटच्या हप्त्याच्या वेळी नोकरी बदलली, सॅलरी अकाउंट बदललं आणि हप्ता बाउन्स झाला. फायनान्स कंपनीचा फोन आल्यावर तिने त्याच दिवशी लिंकवरून हप्ता भरला आणि वर दंडाचे ५९० रुपयेही भरले. 'नो ड्यूज' पत्र मेलवर आलं. विषय संपला, असं तिला वाटलं.

रिपोर्टमध्ये मात्र तो संपला नव्हता. खातं चालू, थकबाकी ५९० रुपये, आणि तीही काही वर्षांपासूनची.

तिने फायनान्स कंपनीला मेल केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं की आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे, आणि हे तिकीट आता 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद करण्यात येत आहे. ते वाचून ती आधी हसली. "हे तं मीच रोज लोकांना पाठवते ना बे!"

तर हा लेख त्या ५९० रुपयांबद्दल आहे. असं तुमच्याबाबतीत झालं तर नेमकं काय करायचं, कुणाला लिहायचं, कधी लिहायचं आणि गाडी कुठे अडते, ते बघू.

आधी हे 'सिबिल' म्हणजे काय ते बघू

झेरॉक्स हे कंपनीचं नाव आहे, पण आपण कुठल्याही मशीनवर 'झेरॉक्स काढतो'. सिबिलचं तसंच झालंय. सिबिल ही एका कंपनीचं नाव आहे. ती २००० साली सुरू झाली आणि २०१७ पासून तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. भारतात असं काम करणाऱ्या एकूण चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कायद्याच्या भाषेत यांना 'पतमाहिती कंपन्या' म्हणतात, त्यांच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यांच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची, म्हणजे आरबीआयची असते.

जानेवारी २०१५ मध्ये आरबीआयने सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना या चारही कंपन्यांचं सदस्य व्हायला सांगितलं. म्हणजे तुमचा प्रत्येक हप्ता, प्रत्येक क्रेडिट कार्ड बिल, प्रत्येक उशीर चार ठिकाणी नोंदवला जातो. चार वह्या आहेत आणि चारही वह्यांत एकच मजकूर असेल याची खात्री नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. या कंपन्या माहिती तयार करत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या ठरावीक नमुन्यात फाइल बनवून पाठवतात, आणि पतमाहिती कंपनी ती आपल्याकडच्या नोंदींशी जुळवून ठेवते. पूर्वी हे महिन्यातून एकदा व्हायचं. १ जानेवारी २०२५ पासून आरबीआयने ते पंधरवड्याला केलं. २०२५ च्या त्या नियमानुसार १५ तारीख आणि महिन्याचा शेवटचा दिवस धरून माहिती काढायची, सात दिवसांत पाठवायची, आणि पतमाहिती कंपनीने ती पाच दिवसांत आपल्या यंत्रणेत घ्यायची होती.

म्हणजे आज कर्ज फेडलं आणि उद्या रिपोर्ट बघितला तर तो जुनाच दिसेल. ती चूक नाही, थोडं थांबा. महिना-दीड महिना उलटूनही बदल दिसला नाही तर मात्र काहीतरी अडलंय.

चूक होते कुठे?

एक जागा म्हणजे फाइल. कर्ज बंद झालं हे कर्ज देणाऱ्याच्या एका सिस्टिममध्ये नोंदलं जातं, पण रिपोर्टिंगच्या फाइलमध्ये उतरत नाही. किंवा उतरतं, पण त्या ओळीत जन्मतारीख नसते, पॅन चुकलेला असतो, आणि पतमाहिती कंपनीची यंत्रणा ती ओळ नाकारते. नाकारलेली ओळ दुरुस्त करून परत पाठवायची असते. ती कुणी परत पाठवलीच नाही, तर तुमचं कर्ज रिपोर्टमध्ये कायम चालूच राहतं. ५९० रुपयांसाठी मुद्दाम तुमचं वाकडं करायला कुणी बसलेलं नसतं. बहुतेक वेळा कुणाचं लक्षच नसतं, आणि याचा राग जास्त येतो.

दुसरी जागा म्हणजे नावं. आपल्याकडे हा फार मोठा विषय आहे. विदर्भातली वानखेडे, गेडाम, ठाकरे ही आडनावं इंग्रजीत किती प्रकारे लिहिली जातात ते आपल्याच घरातल्या कागदांवर बघा. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, दहावीच्या सनदेवर तिसरं. त्यात आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. मुलीचं लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. फोन नंबर बदलतो, पत्ता बदलतो. संगणकाने मग ठरवायचं, की २०१९ चं शैक्षणिक कर्ज घेणारी आणि २०२४ चं क्रेडिट कार्ड वापरणारी एकच व्यक्ती आहे की दोन. कधी एकीच्या दोन होतात आणि कधी दोघींची एक. दुसऱ्या प्रकारात तुमच्या रिपोर्टमध्ये असं कर्ज दिसतं, जे तुम्ही कधी घेतलंच नाही.

मात्र ओळखीचं नसलेलं नाव दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. तुम्ही ॲपवरून 'आत्ता खरेदी करा, नंतर पैसे द्या' प्रकारचं काही घेतलं असेल, तर रिपोर्टमध्ये ॲपचं नाव येत नाही. त्यामागे पैसे देणाऱ्या फायनान्स कंपनीचं नाव येतं. आधी रक्कम आणि तारीख जुळते का ते बघा.

आणि तिसरी जागा म्हणजे सरळ फसवणूक. २०२२ मध्ये दोन प्रकरणं सोशल मीडियावर गाजली होती. फेब्रुवारीत सनी लिओनीने ट्विट केलं, की तिचा पॅन वापरून कुणीतरी २ हजारांचं कर्ज घेतलंय. एप्रिलमध्ये राजकुमार रावने तसंच ट्विट केलं, त्याच्या बाबतीत रक्कम होती २,५०० रुपये. रक्कम बघा. इतक्या छोट्या कर्जासाठी काही ॲप्स तेव्हा फार तपासणी करत नसत, आणि झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली पॅनची एक कॉपीसुद्धा पुरेशी व्हायची. या दोघांना लाखो फॉलोअर्स आहेत. आपण ट्विट केलं तर कंपनीचं खातं 'कृपया डीएम करा' एवढंच म्हणतं. म्हणून आपल्याला लेखी मार्ग लागतो. फसवणूक असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आधी तक्रार नोंदवा. तो तक्रार क्रमांक पुढे प्रत्येक मेलमध्ये उपयोगी पडतो.

आता सपोर्टचं बघू, आतून

मैत्रिणीला मी विचारलं, की तू पलीकडच्या बाजूला बसतेस, मग सांग, तिकडून काय दिसतं?

ती म्हणाली की पहिल्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. त्याच्यासमोर एक स्क्रीन असते. त्यावर कर्जाचा हिशेब दिसतो, रिपोर्टिंगची फाइल दिसत नाही. त्याच्या सिस्टिममध्ये तुमचं कर्ज 'क्लोज्ड' असतं, म्हणून तो मनापासून सांगतो, "मॅडम, आमच्याकडे तर बंद दाखवतंय." तो खोटं बोलत नसतो. फाइल बनवणारी टीम वेगळ्या शहरात असते, तिला ग्राहकाचा मेल कधीच दिसत नाही. तिकडे पोहोचायचं तर पहिल्या माणसाने तक्रारीचा नेमका प्रकार निवडावा लागतो. तुम्ही मेलमध्ये तीन परिच्छेद संताप आणि शेवटी एक ओळ मुद्दा लिहिला असेल, तर तो 'सामान्य चौकशी' निवडतो आणि तिकीट तिथेच संपतं.

शिवाय त्याची कामगिरी मोजली जाते ती किती तिकिटं किती वेळात बंद झाली यावर. तुमचा प्रश्न सुटला का, हा आकडा कुठेतरी असतो, पण तो त्याच्या बॉसच्या बॉसच्या स्क्रीनवर. मला हे ऐकताना जरा वाईट वाटलं, कारण मिहानमध्ये, हिंजवडीत आणि ऐरोलीत आपल्याच वयाची मुलं रात्रभर हेच करत असतात आणि शिव्या त्यांनाच बसतात.

तिच्या सांगण्यावरून मेलचा विषय कसा असावा ते कळलं. 'क्रेडिट रिपोर्टमधील चुकीच्या माहितीची दुरुस्ती', पुढे कर्ज खाते क्रमांक, बस. आत चार ओळी. रिपोर्टमध्ये काय दिसतंय, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणता जोडलाय, काय बदल हवाय. तिच्या बाबतीत ते असं होतं : "खात्याची स्थिती 'चालू' दिसते. ती 'बंद' हवी. थकबाकी ५९० दिसते. ती शून्य हवी. नो ड्यूज पत्र आणि पैसे भरल्याची पावती सोबत आहे." यात गैरसमजाला जागाच उरत नाही.

घड्याळ कधी सुरू होतं?

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी आरबीआयने एक परिपत्रक काढलं. ते सहा महिन्यांनी, म्हणजे २०२४ च्या एप्रिल अखेरपासून लागू झालं. त्यानुसार, तुम्ही तक्रार केल्यापासून ३० कॅलेंडर दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे. कॅलेंडर दिवस म्हणजे रविवार, दिवाळी, पोळा सगळं धरून.

या ३० दिवसांची वाटणीही करून दिलीय. तक्रार तुम्ही पतमाहिती कंपनीकडे केली की ती कंपनी कर्ज देणाऱ्याला विचारते. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची. त्याने ती वेळेत पाठवली नाही तर भरपाई त्याच्या खिशातून. त्याने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने ३० दिवसांत बदल केला नाही तर भरपाई तिच्या खिशातून. दोघांनी उशीर केला तर दोघांत वाटून. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत पैसे तुमच्या खात्यात यायला हवेत. तक्रार फेटाळली तरी कारण लिहून कळवणं बंधनकारक आहे. 'आमची माहिती बरोबर आहे' एवढं पुरत नाही.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत, आणि बरेच जण तिथेच मार खातात.

पहिली म्हणजे, हेल्पलाइनवर केलेला फोन म्हणजे नोंदवलेली तक्रार नव्हे. माझ्या मैत्रिणीने सुरुवातीचे १२ दिवस फोनमध्ये घालवले. प्रत्येक वेळी नवा माणूस, नव्याने पूर्ण कहाणी, आणि शेवटी "४८ तासांत अपडेट होईल". या १२ दिवसांचा एकही कागद तिच्याकडे नव्हता. ज्या दिवशी पतमाहिती कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तिने वाद नोंदवला आणि क्रमांक मिळाला, तो पहिला दिवस. टोकनच्या ४५ दिवसांतले निम्मे तेव्हा संपत आले होते.

दुसरी गोष्ट, तक्रारीच्या अर्जात तुमचा बँक खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी भरायची जागा असते. लोक ती रिकामी सोडतात, कारण वाटतं की यांना कशाला द्यायचा? भरपाई तिथेच येते. चुकीचा भरला तर जबाबदारी आपली. फक्त एवढं बघा, की तुम्ही खरंच कंपनीच्या अधिकृत साइटवर आहात. ओटीपी किंवा पिन यासाठी कधीच लागत नाही.

भरपाई कशासाठी मिळत नाही, तेही सांगते. 'माझा स्कोअर ७१० का, ७५० का नाही' हा वाद यात बसत नाही, कारण स्कोअर काढायचं गणित कंपनीचं असतं. बँकेने कर्ज नाकारलं, हाही तिचा व्यावसायिक निर्णय. आणि प्रकरण आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असेल तर इथून काही मिळणार नाही. वाद माहितीचा असला पाहिजे : चुकीची रक्कम, चुकीची स्थिती, दुसऱ्याचं कर्ज, चुकीचं नाव.

आता माझी एक कुरकुर. सप्टेंबर २०२३ मध्ये आरबीआयने आणखी एक नियम केला. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत दिली नाहीत तर बँकेने दिवसाला ५,००० रुपये द्यायचे. आणि चुकीच्या नोंदीमुळे त्याच माणसाला घराचं कर्जच मिळालं नाही, तर दिवसाला १०० रुपये. मिहानच्या गेटवरून घरी जायला ऑटो केला तरी शंभराची नोट पुरत नाही. रक्कम कंपनीला धाक वाटावा इतकी मोठी नाही, हे मान्य करूया. तरीही तिचा एक उपयोग आहे. भरपाईची तारीख मेलमध्ये लिहिली, की तुमचं तिकीट 'सामान्य चौकशी'तून बाहेर पडतं, कारण आता ते कुणाच्या तरी हिशेबात दिसायला लागतं.

हा त्रास आरबीआयलाही माहीत आहे. जून २०२३ मध्ये चारही पतमाहिती कंपन्यांना मिळून सुमारे १.०१ कोटींचा दंड झाला होता. त्यात सर्वात जास्त, २६ लाखांचा दंड ट्रान्सयुनियन सिबिलला होता.

तिने पुढे काय केलं

वाद नोंदवल्यावर रिपोर्टमध्ये त्या नोंदीपुढे 'वादग्रस्त' असा शेरा आला. बँकेच्या अधिकाऱ्याला तिने तो आणि नो ड्यूज पत्र दाखवलं. तो समजूतदार होता, पण म्हणाला, "मॅडम, मला पटतंय, सिस्टिमला पटत नाही."

२१ वा दिवस गेला. ३० वा गेला. पतमाहिती कंपनीच्या साइटवर तेच, 'कर्जदात्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत'. ही कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्याने होकार द्यावा लागतो. म्हणून सगळा जोर फक्त सिबिलवर लावून उपयोग नसतो. ३३ व्या दिवशी तिने फायनान्स कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला मेल केला. नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि मेल प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर असतं, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. मेलमध्ये वादाचा क्रमांक, नोंदवल्याची तारीख, परिपत्रकाची तारीख आणि 'आजपर्यंत तीन दिवसांची भरपाई देय आहे' ही एक ओळ.

४३ व्या दिवशी नोंद बदलली. चार दिवसांनी खात्यात १,३०० रुपये आले. १३ दिवस, रोजचे १००.

फ्लॅट तोवर दुसऱ्याने घेतला होता. टोकन परत मिळालं, त्यासाठी तिच्या मामांना दोनदा बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसावं लागलं.

नोडल अधिकाऱ्यानेही ऐकलं नाही तर?

मग आरबीआयचा लोकपाल. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या होत्याच. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्यात आल्या. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. उत्तर मिळाल्यापासून ठरावीक मुदतीच्या आत यावं लागतं, म्हणून फार लांबवू नका. २०२१ च्या योजनेनुसार लोकपाल प्रत्यक्ष नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत, आणि वेळ, खर्च, मनस्ताप यासाठी १ लाखापर्यंत भरपाई देऊ शकत होता. अर्थात नुकसान सिद्ध करावं लागतं. म्हणून बँकेने कर्ज थांबवल्याचा मेल, टोकनची पावती, सगळं जपून ठेवा. बँकेने फक्त तोंडी सांगितलं असेल तर 'कृपया कारण मेलवर कळवा' एवढं तरी लिहून ठेवा.

एक अडचण मात्र आहे. तुमचं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल, तर तिची तक्रार या लोकपालाकडे जात नाही. ती राष्ट्रीय आवास बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर करायची. गृहकर्ज देणारी संस्था बँक आहे की हाउसिंग फायनान्स कंपनी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण नावं सारखी असतात. करारावर पहिल्या पानावर लिहिलेलं असतं.

आणि ते 'सिबिल क्लिअर करून देतो' वाले?

रील्स तुम्हीही बघितल्या असतील. 'स्कोअर ५०० वरून ७५०, फक्त १५ दिवसांत'. ऑटोच्या मागे, मेसच्या भिंतीवर नंबर चिकटवलेले असतात. चूक असेल तर वाद नोंदवायला एक रुपया लागत नाही, आणि हे लोक तोच अर्ज तुमच्या नावाने भरतात. चूक नसेल, खरंच हप्ते थकले असतील, तर ती नोंद कुणीच पुसू शकत नाही. उलट पॅन, आधार आणि ओटीपी त्यांच्या हातात देऊन आपण राजकुमार रावच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

एक वेगळी सूचना, कारण यात बरेच फसतात. थकलेलं कर्ज 'सेटलमेंट' करून कमी पैशांत मिटवलं, तर रिपोर्टमध्ये 'बंद' येत नाही, 'सेटल्ड' येतं. पुढची बँक ते वाचताना याने पूर्ण पैसे दिले नाहीत, असं वाचते. वसुलीवाल्याने फोनवर "क्लोज होऊन जाईल सर" म्हटलं, तरी पत्रात कोणता शब्द आहे ते बघूनच पैसे भरा.

हे फक्त कर्जापुरतं राहिलेलं नाही

जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात एक प्रकरण आलं. स्टेट बँकेने एका उमेदवाराची निवड रद्द केली, कारण त्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकीच्या नोंदी होत्या आणि जाहिरातीत तशी अट होती. न्यायालयाने बँकेचा निर्णय योग्य ठरवला. त्या प्रकरणात नोंदी चुकीच्या होत्या असं नव्हे. पण ज्याच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याचंच कर्ज चिकटलंय, असा एखादा मुलगा बँकेच्या परीक्षांची तयारी करत असेल तर काय, हा विचार करून बघा. नागपुरात अशी तयारी करणारी मुलं कमी नाहीत.

गावाकडे तर 'सिबिल' हा शब्द आता राजकारणातही आलाय. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, अशी तंबी बँकांना दिली होती. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थांबते.

रिपोर्ट फुकट कसा बघायचा?

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, मोफत देणं बंधनकारक आहे. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार मोफत रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एकीचा काढला तर वर्षभर नजर राहते. साइटवर गेल्यावर महिन्याचे, वर्षाचे पैसे देऊन घ्यायचे प्लॅन ठळकपणे दिसतील. मोफत रिपोर्टची लिंक शोधावी लागते. ती सहज दिसेल अशी ठेवा, असं आरबीआयला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लिहून सांगावं लागलं, यावरून काय ते समजा.

स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. तुम्ही कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची नोंद वेगळी धरली जाते. आणि हो, तुमचा रिपोर्ट कुणी मागवला की तुम्हाला एसएमएस किंवा मेल यायला हवा, हाही त्याच ऑक्टोबरचा नियम आहे. न मागितलेल्या कर्जासाठी असा मेसेज आला तर तो जाहिरात समजून पुसू नका.

रिपोर्ट उघडल्यावर स्कोअरकडे शेवटी बघा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते. मग प्रत्येक खातं : तुमचं आहे का, चालू की बंद, थकबाकी किती. महिनावार रकान्यात ००० दिसत असेल तर तो महिना वेळेवर भरला गेलाय. तिथे ०३० असेल तर ३० दिवस उशीर. सगळ्यात वर एक कंट्रोल नंबर असतो, वाद नोंदवताना तो लागतो. पीडीएफ जपून ठेवा.

माझ्या मैत्रिणीने दुसरा फ्लॅट बघितला, त्याच भागात, एक मजला वर आणि थोडा महाग. या वेळी टोकन देण्याआधी तिने उरलेल्या तीन कंपन्यांचे मोफत रिपोर्ट काढले. दोन ठिकाणी मोबाइलचं कर्ज बंद दिसलं. तिसऱ्या ठिकाणी खातं अजून चालूच आहे, थकबाकी ५९० रुपये. तिने लगेच वाद नोंदवला आणि यूपीआय आयडी भरला. मी हे लिहितेय तेव्हा तिचा सहावा दिवस आहे.